बगिच्यात मावेल एवढा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो ‘किती एचपीचा?’ आणि दुसरा ‘वावर किती एकर?’ शोरूममधला पोरगा हेच विचारतो, बँकेतले साहेब हेच विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या ताटावर बसलेला अनोळखी पाहुणाही हेच विचारतो. नागपूरकडे तर त्यात जरा ऐटही मिसळलेली असते. हिंगण्याच्या एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर बनतात, त्यामुळे प्रत्येकाचा कुणीतरी साळा नाहीतर भाचा ‘कंपनीत’ असतो आणि त्याच्या मताला आपल्यापेक्षा जास्त वजन असतं. वर्षभर या विषयाचा कीस पाडल्यावर माझं मत असं झालंय, की एचपी आणि एकर हे दोन्ही प्रश्न मागाहूनचे. आधी पाहायचं ते एवढंच, की हे यंत्र आपल्या वावरात नेमकं कुठून जाणार आणि कोणत्या दिवशी जाणार.

आमचं वावर काटोल रस्त्याला, कळमेश्वरच्या पुढे. मी नागपुरात नोकरी करतो, कास्तकारी काकाजी पाहतात. एकूण आठ एकर. पाच एकरांत संत्रा, उरलेल्या तिनांत कपाशी-तूर, कधी हरभरा. गेल्या पोळ्यानंतर बैलजोडी विकली. सालदार मिळेना, ढेप-कुटाराचा भाव परवडेना, आणि काकाजींचे गुडघे आता कोठ्यातल्या उठबशीला ऐकेनात. बैलांवर गहिवरून लिहिणारे पुष्कळ आहेत, मी त्यात भर घालत नाही. पण बैलांची एक गोष्ट निव्वळ हिशेबाची आहे. चांगली जोडी सलग कामाला साधारण एका हॉर्सपॉवरची ताकद देते. तेवढ्यावर आमचा बगीचा इतकी वर्षं वखरून निघाला. मग अठरा एचपीच्या ट्रॅक्टरला ‘खेळणं’ म्हणून हसणाऱ्यांना म्हणावं तरी काय? ताकद कमी पडते ती ठरावीक कामांना. ती कामं कोणती, हे कळलं की अर्धा निर्णय झाला.

सुरुवात टेपनं केली. जुनी लागवड वीस बाय वीसची, म्हणजे सहा मीटरवर एक झाड. एकरी एकशेआठ-नऊ झाडं. कागदावर वीस फूट म्हणजे ऐसपैस रस्ता, आणि लागवडीच्या पहिल्या वर्षी खरोखरच तिथून मालट्रक जाईल. पण वीस फूट हे खोडापासून खोडापर्यंतचं अंतर. बारा-पंधरा वर्षांच्या झाडाचा घेर चौदा-पंधरा फुटांचा होतो, की मधली वाट पाच-सहा फुटांवर येते. त्यातही आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या सुमारास भरली की फांद्या वजनानं खाली येतात आणि वाट आणखी आवळते. म्हणून आम्ही खोडं सोडून फांद्यांच्या टोकांमधलं अंतर मोजत गेलो, प्रत्येक ओळीत सगळ्यात अरुंद जागा शोधून. टेपचं एक टोक काकाजींच्या हातात, दुसरं माझ्या. काकाजी दरवेळी आपल्या बाजूची फांदी हातानं हळूच वर उचलायचे आणि म्हणायचे, “पाय, पुरे सात फूट भरते!”

“काकाजी, फांदी सोडा आधी.”

“अबे, फांदी लवते ना.”

“ट्रॅक्टर उतरून फांदी उचलणार हाय का?”

फांदी सोडली की सात फुटांचे पाच व्हायचे. एका ओळीत तर सव्वाचारच भरले. तिथं काकाजी काही बोलले नाहीत, नुसती टोपी काढून डोकं खाजवलं.

पंचेचाळीस-पन्नास एचपीचा ट्रॅक्टर बाहेरून-बाहेर सहा फुटांच्या आसपास भरतो. तो या वाटेत शिरतो, नाही असं नाही. पण मग तो वाट करत जातो. भाड्याचा ट्रॅक्टरवाला तासावर पैसे घेतो, फांदी मोडली तर त्याच्या बापाचं काय जातं? फांद्यांचं एक वेळ जाऊ द्या. खोडाला चाक किंवा रोटाव्हेटरचं टोक घासलं आणि साल निघाली, की पावसाळ्यात त्या जखमेतून बुरशी शिरते आणि डिंक्या रोग लागतो. मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावून लावून जपलेलं झाड एका धडकेत पाच वर्षं मागं जातं, कधी कायमचंच जातं. त्यामुळे छोट्या ट्रॅक्टरचा पहिला गुण त्याची रुंदी. पंधरा ते चोवीस एचपीची यंत्रं साधारण तीन ते सव्वाचार फुटांत बसतात. काहींची चाकं आत-बाहेर सरकवून ठेवता येतात. पाहताना आणखी दोन गोष्टी बघाव्यात, ज्यांकडे शोरूममध्ये कुणी बोट दाखवत नाही. धुराडं उभं आहे की खाली वळवलेलं? उभं असेल तर वरच्या फांद्यांची पानं आणि फळं भाजत जातं. आणि सीटवर बसून मान किती खाली घालावी लागते? बगिच्यातल्या ओळीत दिवसभर वाकून चालवायचं असेल, तर हा प्रश्न एचपीपेक्षा मोठा आहे.

वाटेत शिरता येतं म्हणून सगळं खणायचं असंही नाही. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभर थरातच पसरलेली असतात. रोटाव्हेटर खोल लावून झाडाच्या घेराखाली नेला की आपण आपल्याच हातानं झाडाचं तोंड बंद करतो. काकाजींचा नियम साधा आहे, झाडाच्या सावलीखाली लोखंड न्यायचं नाही. मधली वाट तेवढी वरवर हलवायची, तीन फुटी यंत्रानं एक जाताना, एक येताना. ठिबकच्या नळ्या आधी गोळा करून झाडाकडे सारायच्या, नाहीतर पात्यांना गुंडाळलेली नळी सोडवण्यातच सकाळ जाते. हल्ली पुष्कळ बागाईतदार वाटेतलं गवत उपटतच नाहीत, कापून तिथंच पाडतात. मला ते पटतं. काकाजींना गवत दिसलं की अजून चैन पडत नाही.

पण रुंदीचा प्रश्न टेपनं सुटतो. खरा घोळ वाफशाचा.

ज्यानं विदर्भातल्या काळ्या जमिनीत पावसाळा काढला नाही, त्याला हे सांगून समजणं अवघड आहे. आमच्याकडे वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. ओली असताना पाय घातला तर चप्पल तिथंच राहते, पाय वर येतो. पार वाळल्यावर तिच्यात लोखंड घातलं तर ढेकळं निघतात, दगडासारखी. या दोन्हींच्या मधला जो काळ, तो वाफसा. काकाजी सकाळी उठून वावरात जातात, वीतभर खोलीवरची माती मुठीत घेतात, दाबून गोळा करतात आणि कमरेच्या उंचीवरून सोडतात. गोळा फुटून विखुरला तर चालतं. तसाच ढेप होऊन पडला तर घरी येऊन चहा पितात. मोठा पाऊस होऊन उघडीप पडली की असे दोन-तीन दिवस मिळतात, कधी एकच. मग पुन्हा आभाळ भरून येतं.

आता गंमत अशी, की गावात भाड्यानं चालणारे ट्रॅक्टर मोजके आणि वाफसा सगळ्यांचा एकाच वेळी. त्या सकाळी ट्रॅक्टरवाल्याचा फोन लागतच नाही. लागला तर “उद्या येतो भाऊ, नक्की”. तो खोटं बोलतो असं नाही. तो त्याच्या हिशेबानं आधी दहा एकरांचं सलग वावर उरकणार, मग आमच्या आखूड ओळींत वळत बसणार. त्याच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. पण तो परवा येतो आणि परवा पाऊस असतो. गवत गुडघ्याला लागतं, लव्हाळा-हरळी माजते, आणि मग त्याच वाटेला मजूर लावून दुप्पट पैसे जातात.

यावरून मला एक उमगलं, आणि या सगळ्या लेखात माझं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर ते हेच. शेतात जी कामं जड असतात ती थांबू शकतात. जी हलकी असतात ती थांबत नाहीत. उन्हाळ्यातली खोल नांगरटी सगळ्यात जड. तिला पन्नास एचपीचा ट्रॅक्टर आणि पलटी नांगरच लागतो. पण कपाशीची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाल्यापासून रोहिण्यांपर्यंत कधीही केली तरी चालते, आणि दरवर्षी करावीच लागते असंही नाही. तुरी-हरभऱ्याची मळणी जड, पण गंजी लावून ठेवली की चार दिवस कळ काढता येते. याउलट वाटेतलं गवत, पेरणीआधीची पाळी, कोवळ्या नवतीवरची सायला किडीची फवारणी, ही सगळी हलकी कामं, आणि सगळी आजच्या आज हवीत. म्हणजे जड कामाला मोठा ट्रॅक्टर भाड्यानं आणि हलक्या कामाला छोटा घरचा, असं ते गणित. लोक बरोबर उलटं करतात. वर्षातून एकदा लागणाऱ्या नांगरटीचा विचार करून मोठा ट्रॅक्टर घेतात, तो बगिच्यात शिरत नाही, आणि गवत काढायला बायाच सांगतात.

छोटा म्हणजे सगळं सुखाचं, असंही नाही. वजनाचंच पाहा. मोठा ट्रॅक्टर दोन टनांच्या घरात. ओलसर काळ्या मातीवरून तो गेला की खालचा थर दाबला जातो आणि पाणी मुरायचं थांबतं. संत्र्याला मुळाशी साचलेलं पाणी म्हणजे विषच. छोटा साताठशे-नऊशे किलोचा, दाब कमी. पण हलका ट्रॅक्टर ओल्यात जागच्या जागी चाकं फिरवतो. त्यामुळे आमच्यासारख्या जमिनीत छोटा घ्यायचाच तर फोर व्हील ड्राइव्ह घ्यावा, असं माझं ठाम मत आहे, किंमत वाढली तरी. मुरमाड जमिनीवाल्यानं तो खर्च करू नये.

फवारणीनं आमचा आकडा वर सरकवला. पाच एकरांत साडेपाचशेच्या जवळपास झाडं. मोठ्या झाडाला एचटीपी पंपाच्या, म्हणजे जोरानं फवारणाऱ्या पंपाच्या, गननं आठ-दहा लिटर द्रावण लागतं, म्हणजे एका फवारणीला पाच हजार लिटरच्या आसपास. दोनशे लिटरच्या ड्रमनं हे करताना दोन माणसं आणि तीन-चार दिवस जातात. ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या वाऱ्यानं फवारणारं यंत्र, असेल तर काम आणि पाणी दोन्ही वाचतं, पण ब्लोअरचा पंखा ताकद खातो. जाहिरातीत लिहिलेला एचपी हा इंजिनचा असतो. यंत्राला मिळतो तो मागच्या पीटीओवरचा, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या दांड्यावरचा, आणि तो नेहमी कमी भरतो. म्हणून पंधरा-अठरावरून आम्ही चोवीसवर आलो. मग उचलण्याच्या ताकदीचा प्रश्न. सहाशे लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच सहाशे किलो, वर लोखंड आणि पंखा. ‘साडेसातशे किलो उचलतो’ असं सांगतात तेव्हा ते वजन मागच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेलं असतं. टाकीचा भार त्याच्याही मागे येतो, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढं उचललं जात नाही, आणि उचललं तरी पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग हातात राहत नाही. चढावर तर विचारूच नका. म्हणून चारशे लिटरवर थांबायचं ठरलं.

हे सगळे आकडे पाहायची सरळ जागा आहे. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. त्यांच्या अहवालात पीटीओची ताकद, ओढ, उचल, डिझेल, सगळं मोजून दिलेलं असतं. शोरूममध्ये तो अहवाल मागितला की चहा येतो. एका ठिकाणी चहाबरोबर कॅलेंडरही मिळालं.

कपाशीचं मात्र छोट्यानं भागत नाही. पऱ्हाटी लहान असेपर्यंत ओळींतून नेता येतो. ती वाढली की ट्रॅक्टरचं पोट तिला घासतं, कारण तो जमिनीपासून फूटभरही उंच नसतो. तेव्हा डवरणीला शेजाऱ्याची बैलजोडी सांगायची किंवा पॉवर वीडर. पॉवर टिलर घ्या, स्वस्तात पडेल, असंही काहींनी सुचवलं. हलक्या बरड जमिनीत, जवान माणसाच्या हातात तो उत्तम. आमच्या काळ्यात त्याच्यामागे दिवसभर चालायचं म्हणजे संध्याकाळी खांदे वेगळे काढून ठेवावे लागतील. ट्रॉलीचाही विचार सोडला. संत्रा आम्ही झाडावरच व्यापाऱ्याला देतो, तोड आणि नागपूरच्या कळमना बाजारापर्यंतची गाडी त्याची. आणि हलक्या ट्रॅक्टरमागे भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरलाच ढकलते. आमच्या पांदणीला नाल्याचा उतार आहे.

आता पैशाचं. सोयीसाठी धरू की ट्रॅक्टर, तीन फुटी रोटाव्हेटर, कल्टिव्हेटर आणि ब्लोअर मिळून सहा लाख. दहा वर्षं वापरून दहावा हिस्सा किंमत उरते असं मानलं तर घसारा वर्षाला चौपन्न हजार. अडकलेल्या पैशाचं दहा टक्क्यांनी व्याज तेहतीस हजार. विमा, शेड, किरकोळ धरून पंचाण्णव हजार वर्षाला, ट्रॅक्टर जागचा हलला नाही तरी. आमच्या आठ एकरांत तो फार तर शंभर-सव्वाशे तास चालेल. म्हणजे डिझेल टाकायच्या आधीच तासाला साताठशे-साडेनऊशे रुपये. तीनशे तास चालला तर तोच आकडा तीनशेच्या आसपास येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यानं किंमत उतरली. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर यांत्रिकीकरणाचं अनुदानही आहे. पण टक्केवारीला कमाल मर्यादा असते, दोन्हींत जे कमी ते मिळतं, आणि पूर्वसंमती येण्याआधी बिल फाडलं तर काहीच मिळत नाही. हे सगळं वजा करूनही आठ एकरांना एकट्यानं छोटा ट्रॅक्टर घेणं हिशेबात बसत नाही. वाफसा हुकल्याचं नुकसान हिशेबात धरलं तर काठावर बसतं.

मी हे आकडे वहीत मांडून काकाजींना दाखवले. त्यांनी चष्मा न लावताच वही परत दिली. “थे सारं बराबर हाय. पन तुले ट्रॅक्टर पाह्यजे का ट्रॅक्टर चालवनारा पाह्यजे, थे आधी सांग ना बाप्पा.”

मी शनिवार-रविवारचा कास्तकार. वाफसा काही शनिवार पाहून येत नाही. काकाजी बहात्तरचे, त्यांनी स्टिअरिंग धरू नये अशी घरातल्या सगळ्यांची इच्छा. अरुंद ट्रॅक्टर धुऱ्यावर चढला की उलटायला वेळ लागत नाही. ड्रायव्हर ठेवायचा तर शंभर तासांसाठी बारा महिने पगार कोण देतो?

उत्तर नाल्याच्या वरच्या अंगाला निघालं. तिथं माझ्या चुलतभावाचं साडेचार एकर आहे, त्यातलं तीन एकर संत्रा. तो गावातच राहतो, ट्रॅक्टर चालवतो, आणि तोही भाड्यावाल्याच्या ‘उद्या’ला विटलेला. भागीत घेऊ म्हटल्यावर काकाजींनी लगेच खोच काढली, वाफसा दोघांचा एकाच दिवशी आला तर भांडणं होतील. भागीतल्या विहिरीवरून भाऊबंदकी झालेली अख्खा गाव जाणतो, त्यामुळे भीती खोटी नव्हती. पण त्याचं वावर बरड आहे. पाणी लवकर निथळतं, आणि एकाच पावसानंतर त्याला वाफसा आमच्या एक-दोन दिवस आधी येतो. आमची काळी नंतर तयार होते. ट्रॅक्टर वरून खाली येत गेला तर कुणाचाच दिवस जात नाही. फवारणी मात्र दोघांची एकाच आठवड्यात येते. तिथं सकाळ त्याची, दुपारची उन्हं कलल्यावर आमची, असं ठरलं. शिवाय आजूबाजूचे सगळे बगिचे याच वाटांचे. मोठा ट्रॅक्टर तिथंही अडतो. भाड्याची तशी थोडी कामं तो करेल, तासामागे ठरलेले पैसे दुरुस्तीच्या खात्यात टाकेल. तीनशे नाही तरी अडीचशे तास व्हायला हरकत नाही.

अर्ज त्याच्या नावानं केलाय. साडेचार एकर म्हणजे १.८ हेक्टर, तो अल्पभूधारकात बसतो, आम्ही बसत नाही. पैसे निम्मे-निम्मे, नोंदणी त्याची, आणि दोघांत साध्या कागदावर करार, ज्याच्यावर काकाजींनी साक्षीदार म्हणून सही करायच्या आधी तीनदा वाचून घेतलं. एक कलम त्यांनीच घातलं: ज्याच्या हातून फांदी मोडेल, त्यानं ती स्वतः आरीनं नीट कापून बोर्डो पेस्ट लावायची.

पूर्वसंमती अजून आलेली नाही. शोरूमवाला दर दोन दिवसांनी चुलतभावाला फोन करतो, ‘ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे’. “असू दे,” चुलतभाऊ म्हणतो, “तू पहिले बुधनीचा रिपोर्ट पाठव, अन् ट्रॅक्टर एकदा आमच्या सव्वाचार फुटाच्या ओळीतून काढून दाखव. मंग बोलू.”